हो, जीटी रेसिंगमध्ये सेटिंग असतं, पण उघड उघड असतं

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि एफ-वनचा कट्टर फॅन आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मॅक्स व्हर्स्टॅपनने एफ-वनमधून वेळ काढून जर्मनीच्या नुर्बर्गरिंगवर फेरारीची जीटी३ गाडी चालवली आणि पहिल्याच दणक्यात रेस जिंकली, तेव्हापासून ह्याला जीटीचं वेड लागलंय. त्यातली गंमत म्हणजे तिथे जीटी३ मध्ये बसायच्या आधी व्हर्स्टॅपनला कमी पॉवरच्या पोर्शेमधून रेस करून परमिट काढावं लागलं होतं, चार वेळचा वर्ल्ड चॅम्पियन असला तरी आधी लर्निंग लायसन्स काढ म्हणाले. भाच्याला ते भारी आवडलं. मग तो यूट्यूबवर जे जीटी म्हणून दिसेल ते बघत सुटला आणि एका रविवारी त्याला ब्रिटिश जीटी चॅम्पियनशिप सापडली. रात्री मेसेज आला, "मामा, लॅम्बोर्गिनी, ॲस्टन मार्टिन, मर्सिडीज, सगळ्यांची इंजिनं वेगळी, तरी दोन तास पळून शेवटी चार-पाच सेकंदात कशा काय येतात? आणि जिंकणारी गाडी पिटमध्ये मुद्दाम उभी का होती? सेटिंग आहे का सगळं?" (पिट म्हणजे ट्रॅकच्या कडेला टायर आणि ड्रायव्हर बदलायला गाड्या थांबतात ती जागा.)

त्याला मी लिहिलं, हो, आहे. फक्त ते लपवलेलं नाहीये, सगळं नियमाच्या पुस्तकात छापलेलं आहे. आणि एकदा ते सेटिंग कळलं की ही रेस एफ-वनपेक्षा जास्त मजेशीर वाटायला लागते (हे माझं मत, भाचा अजून मानत नाही). त्याला तुकड्या तुकड्यात जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो.

आधी जीटी३ म्हणजे नक्की काय

एफ-वनची गाडी रस्त्यावर कुठेच दिसत नाही, ती फक्त रेससाठी जन्माला येते. जीटी गाडी म्हणजे शोरूममध्ये मिळणाऱ्या महागड्या स्पोर्ट्स कारचा पैलवान भाऊ. चेहरा तोच, नाव तेच, पण आतलं सीट, एसी, म्युझिक सिस्टीम, कार्पेट सगळं काढून पोलादी पाइपांचा पिंजरा बसवलेला आणि मागे मोठ्ठं पंख लावलेलं. बेंटले कॉन्टिनेंटल घ्या, रस्त्यावर ती २,२०० किलोच्या वर भरते आणि तिची रेसवाली आवृत्ती १,३०० किलोच्या आत. जवळजवळ एक छोटी गाडी तिच्यातून बाहेर काढली म्हणा ना.

जीटी३ हा त्यातला वरचा वर्ग. ५०० ते ६०० हॉर्सपॉवर, एबीएस (ब्रेक जोरात मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस दिल्यावर चाक घसरू न देणारी) चालतं, किंमत काही कोटींत. जीटी४ हा खालचा वर्ग, शोरूमच्या गाडीच्या अजून जवळचा आणि बराच स्वस्त (म्हणजे तुमच्या माझ्यासाठी नाही). महत्त्वाची गोष्ट अशी की ह्या गाड्या फॅक्टरी बनवते आणि विकते. कुणीही टीम जाऊन चेक फाडून विकत घेऊ शकते. घेतल्यावर मात्र त्यात आपली कलाकुसर करायची नाही. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, ती गाडी एकदा तपासून शिक्का मारते, आपल्याकडच्या आरटीओ पासिंगसारखं, आणि पासिंगनंतर बुलेटचा सायलेन्सर बदलला की पोलीस जसे पकडतात तसंच इथेही. विंगचा कोन, स्प्रिंग, टायरमधली हवा एवढंच तुमच्या हातात. टायरसुद्धा सगळ्यांना एकाच कंपनीचे, पिरेलीचे.

घोड्याच्या पाठीवर शिसं

आता भाच्याचा पहिला प्रश्न. २०१८ च्या ब्रिटिश जीटीचं उदाहरण घेऊ, कारण ह्या लेखात पुढे तोच सीझन येणार आहे. ॲस्टन मार्टिनचं पुढे बसवलेलं ६ लिटरचं व्ही१२ इंजिन, लॅम्बोर्गिनीचं मध्ये बसवलेलं ५.२ लिटरचं व्ही१०, बेंटलेचं ४ लिटरचं टर्बो व्ही८. हे तिघे एकत्र सोडले तर कुणीतरी एक पहिल्या पाच लॅपमध्येच (लॅप म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी) पसार व्हायला पाहिजे. होत नाही. का?

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर कधी गेला असाल तर हँडिकॅप रेस माहीत असेल. ज्या घोड्याचा फॉर्म जोरात आहे त्याच्या खोगिरात शिशाचे तुकडे घालून वजन वाढवतात आणि मरगळलेल्या घोड्याला हलकं सोडतात, म्हणजे शेवटच्या फर्लांगात सगळे एकत्र यावेत. जीटी३ मध्ये नेमकं हेच करतात आणि त्याला म्हणतात बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, थोडक्यात बीओपी. सीझनच्या आधी फ्रान्सच्या पॉल रिकार्ड ट्रॅकवर सगळ्या मॉडेल्सची टेस्ट घेतात आणि मग ठरवतात की ह्या गाडीत अमुक किलो वजन जास्त टाका, तिच्या इंजिनाला हवा जाणारं भोक लहान करा, त्या टर्बोचं प्रेशर कमी करा, हिची उंची इतके मिलिमीटर वाढवा. सरळ रस्त्यावर जी पळते ती वळणावर जरा जड असते, वळणावर जी चिकटते ती सरळ रस्त्यावर मागे पडते, पण पूर्ण लॅपचा हिशोब लावला तर सगळ्या जवळपास सारख्या.

म्हणून २०१८ मध्ये ॲस्टनची व्ही१२ व्हँटेज, जी जीटी३ म्हणून २०१२ पासून पळत होती, म्हणजे रेसिंगच्या हिशोबाने म्हातारीच, ती नव्या कोऱ्या डिझाइनच्या गाड्यांना टक्कर देऊ शकत होती. बीओपी नसतं तर ती म्युझियममध्ये गेली असती आणि टीमला पुन्हा काही कोटी काढावे लागले असते.

एवढा उपद्व्याप कशाला? कारण एकदा पोळलेत

१९९० च्या दशकात असा बंधनकारक समतोल नव्हता. तेव्हाची जीटी१ नावाची कॅटेगरी होती, कागदावर रस्त्यावरच्या गाड्या, पण पोर्शे आणि मर्सिडीजने नियमातली पळवाट पकडून आधी रेसची गाडी बनवली आणि नंतर नियमापुरत्या मोजक्या रस्त्यावरच्या गाड्या काढल्या. १९९८ च्या एफआयए जीटी चॅम्पियनशिपमध्ये मर्सिडीजने प्रत्येक राउंड जिंकला. प्रत्येक. बाकीच्यांनी विचार केला की आपण इथे हात हलवत कशाला यायचं, आणि निघून गेले, जीटी१ तिथेच बंद पडली. गल्लीत एकच मुलगा कायम नाबाद राहिला आणि बाकीचे बॉल टाकून टाकून थकले की संध्याकाळी मैदानावर कुणी येत नाही, तसं.

स्टेफान राटेल हा फ्रेंच माणूस तेव्हा ही सगळी सर्कस चालवत होता, त्याने धडा घेतला. २००६ मध्ये जीटी३ सुरू झाली ती मुळात बीओपीवर उभी राहून. आज ब्रिटिश जीटी पण त्याचीच एसआरओ कंपनी भरवते. ब्रिटिश जीटी स्वतः मात्र जुनी, १९९३ पासूनची.

दोन ड्रायव्हर, त्यातला एक लिंबू-टिंबू

इथून खरी गंमत सुरू होते, बीओपी वगैरे नुसता मसाला होता.

ब्रिटिश जीटीत एका गाडीला दोन ड्रायव्हर असतात आणि रेसच्या मध्यावर ते बदलतात. एफआयए जगभरातल्या अशा ड्रायव्हरांना चार रंगांत वाटते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. प्लॅटिनम म्हणजे फॅक्टरीचा पगारी ड्रायव्हर किंवा फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला. ब्राँझ म्हणजे साधारण तिशीनंतर पहिलं रेसिंग लायसन्स काढलेला हौशी माणूस, ज्याचा दिवसाचा धंदा दुसराच काहीतरी आहे. ब्रिटिश जीटीची मूळ जोडी म्हणजे एक वरच्या रंगाचा आणि एक ब्राँझ. पहिल्याला सगळे 'प्रो' म्हणतात, दुसऱ्याला 'ॲम', म्हणजे ॲमेच्युअर.

आणि गाडी कुणाची? बहुतेक वेळा ॲमची. पैसे त्याचे, टीमचं बिल तो भरतो आणि प्रोचा पगारही त्यातूनच निघतो. अँड्र्यू हॉवर्डचं उदाहरण बघा, ह्या माणसाचा इंग्लंडमध्ये बीचडीन नावाचा आइस्क्रीमचा धंदा आहे. गाडीवर मोठ्या अक्षरात आइस्क्रीमचंच नाव. हा २०१३ आणि २०१५ चा ब्रिटिश जीटी चॅम्पियन. आपल्याकडे उन्हाळ्यात कुल्फीचा कारखाना चालवणारा माणूस वीकेंडला जाऊन रणजी ट्रॉफी घेऊन आला तर कसं वाटेल?

लहानपणी आपल्या खेळात लिंबू-टिंबू असायचा आठवतंय? कुणाचा तरी धाकटा भाऊ, त्याला घेतलं नाही तर तो आईला जाऊन सांगणार, म्हणून घ्यायचा, पण तो आउट झाला तरी आउट नाही आणि त्याचे रन मोजायचे नाहीत. ब्रिटिश जीटीत उलटं आहे. इथे लिंबू-टिंबूचे रन मोजतात, आणि नुसते मोजत नाहीत तर मॅच त्याच्यावरच फिरते.

जरा वही-पेन घ्या

ओल्टन पार्क नावाचा ट्रॅक आहे, इंग्लंडच्या चेशायरमध्ये, झाडांच्या मधून जाणारा, अरुंद, चढ-उताराचा, ४.३ किलोमीटरचा. जीटी३ ची एक लॅप कोरड्यात दीड मिनिटाच्या थोडी वर लागते, हिशोबासाठी ९५ सेकंद धरा. रेस एक तासाची. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला साधारण अर्धा तास, १,८०० सेकंद, भागिले ९५, झाल्या १९ लॅप.

आता दोन चांगल्या प्रो ड्रायव्हरांत फरक किती असतो? समान गाडी असेल तर लॅपला ०.२ सेकंद म्हणजे पुष्कळ झालं. १९ लॅपमध्ये होतात ३.८ सेकंद. आणि दोन ॲममध्ये? लॅपला एक सेकंद सहज. एक जण दर आठवड्याला सिम्युलेटरवर बसतो, दुसरा महिन्यातून एकदा हेल्मेट घालतो, एवढ्यानेच तो एक सेकंद निघतो. १९ लॅपमध्ये १९ सेकंद.

म्हणजे जगातला सगळ्यात भारी प्रो आणून बसवला तरी तो चार सेकंद कमावणार, आणि आपला ॲम जरा बरा झाला तर एकोणीस. मग टीम कशावर मेहनत घेईल? म्हणून ह्या सीरिजमध्ये प्रोची किंमत त्याच्या स्पीडइतकीच त्याच्या शिकवण्यावरही ठरते. सराव संपला की पिटच्या मागच्या ट्रकमध्ये दोघं लॅपटॉपसमोर बसतात, स्क्रीनवर दोन रेषा, एक प्रोची एक ॲमची, कुठे ब्रेक मारला, किती जोरात मारला, गॅस कधी दिला सगळं दिसतं. ॲमची ब्रेकची रेषा बहुतेक वेळा लवकर सुरू होते आणि हळूहळू चढते, प्रोची भिंतीसारखी सरळ वर जाते आणि मग उताराने सुटते. प्रो त्याला सांगतो, अरे घाबरू नकोस, एबीएस आहे, लाथ मार. एका वळणात ०.१ सेकंद, दहा वळणांत पूर्ण एक. हीच ती चॅम्पियनशिप.

ह्याचा पुरावा हवा असेल तर विजेत्यांची यादी काढा. जॉनी ॲडम हा स्कॉटलंडचा ॲस्टन मार्टिनचा ड्रायव्हर, २०१५, २०१६, २०१८ आणि २०१९, चार टायटल, आणि चारही वेळा शेजारी वेगळा माणूस: हॉवर्ड, डेरेक जॉन्स्टन, फ्लिक हेग, ग्रॅहम डेव्हिडसन. क्लासवाल्या सरांच्या बॅनरवर फोटो असतात ना तसं. आणि उलटंही बघा, २०१३ मध्ये हॉवर्ड, २०१४ मध्ये मार्को अटार्ड आणि २०२२ मध्ये इयन लॉगी, तिघेही एकट्याच्या नावाने चॅम्पियन झालेत, कारण त्यांचा प्रो जोडीदार सीझनभर सगळ्या रेसना नव्हता. म्हणजे प्रो बदलला तरी चाललं, ॲम मात्र जागेवर लागतो.

एसटीचा थांबा आणि पिटस्टॉप

भाच्याचा दुसरा प्रश्न, जिंकणारी गाडी पिटमध्ये उभी का.

एफ-वनमध्ये दोन-अडीच सेकंदात चार टायर बदलतात, तिथे सगळा जीव त्यातच. ब्रिटिश जीटीत पिटस्टॉपला किमान वेळ ठरलेला असतो, त्याच्या आत बाहेर पडायचंच नाही. एसटी ढाब्यावर थांबली की कंडक्टर सांगतो "गाडी दहा मिनिटं थांबेल", तुमचा चहा तीन मिनिटांत झाला तरी ड्रायव्हर काही निघत नाही. तसंच. म्हणून पिटमध्ये एक दृश्य कायम दिसतं: गाडी जॅकवरून खाली आलीये, टायर लागलेत, नवा ड्रायव्हर पट्टे आवळून बसलाय, इंजिन गुरगुरतंय, आणि समोर एक मेकॅनिक हात आडवा धरून दुसऱ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघतोय. पाच, चार, तीन, दोन, एक, सोडलं. थोडं जरी आधी सोडलं तरी दंड.

का? दोन कारणं. एक तर सुपरफास्ट पिट क्रू ठेवायला पैसे लागतात, त्या शर्यतीत सगळ्यांना ओढायचं नाही. दुसरं, ड्रायव्हर बदलताना घाई नको. ॲम पन्नाशीचा, पोट थोडं पुढे, तो खिडकीच्या जाळीतून आणि पिंजऱ्याच्या पाइपातून बाहेर येणार, त्याच्या मापाची सीटची गादी काढणार, प्रो आत घुसणार, पाण्याची नळी आणि रेडिओची वायर जोडायची, सहा ठिकाणचे पट्टे आवळायचे. तिथे घाईत पट्टा अर्धवट राहिला तर काय होईल सांगायला नको.

आता ह्यावर आणखी एक थर. मागच्या रेसमध्ये जे पहिले तीन आले त्यांना पुढच्या रेसमध्ये ह्या किमान वेळेवर जास्तीचे सेकंद उभं राहावं लागतं. पहिल्याला सगळ्यात जास्त, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ह्याला म्हणतात सक्सेस पेनल्टी. लांब रेसमध्ये हा आकडा वीस सेकंदांपर्यंत जातो. वरचा हिशोब आठवा, लॅपला एक सेकंद जोरात पळून ॲमने जे एकोणीस सेकंद कमावले ते पिटमध्ये नुसतं उभं राहून गेले. जपानच्या सुपर जीटीत हाच प्रकार वजनाने करतात, जिंकलात की पुढच्या वेळी गाडीत किलो वाढवा. ब्रिटिशांनी वेळ घेतला, मला तो जास्त बरा वाटतो, कारण निदान दिसतो तरी. वजन गाडीच्या पोटात असतं, ते प्रेक्षकाला कसं कळणार.

२०१८: एक पूर्ण सीझन कसा लागतो

सात वीकेंड. ईस्टर मंडेला ओल्टन पार्क, मग रॉकिंगहॅम, स्नेटरटन, सिल्व्हरस्टोन, बेल्जियमचं स्पा, ब्रँड्स हॅच, आणि सप्टेंबरात शेवट डोनिंग्टन पार्कला. (रॉकिंगहॅमवर तो शेवटचाच सीझन ठरला, त्या वर्षअखेर तिथलं रेसिंग बंद झालं.)

ह्यात दोन प्रकारच्या रेस आहेत हे लक्षात घ्या. ओल्टन आणि स्नेटरटनला एकेक तासाच्या दोन दोन रेस, बाकी ठिकाणी दोन किंवा तीन तासांची एकच. सिल्व्हरस्टोन ५०० हे नाव जुन्या जमान्यातलं, आता ती रेस ३ तासांची, आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. एक तासाची रेस जिंकली की २५ पॉइंट, लांब रेसला त्याचे दीडपट, म्हणजे साडेसदतीस. दुसऱ्याला २७, तिसऱ्याला साडेबावीस. अर्ध्या पॉइंटवरून भांडणं व्हायला वाव आहे आणि ती होतात.

ऑप्टिमम मोटरस्पोर्ट नावाच्या टीमने त्या वर्षी ती म्हातारी व्ही१२ व्हँटेज आणली होती आणि गाडीत दोघं, ॲम म्हणून फ्लिक हेग आणि प्रो म्हणून जॉनी ॲडम. हेगकडे फेव्हरिट म्हणून फार कुणी बघत नव्हतं. ओल्टनला ईस्टरच्या गारठ्यात आणि ओल्या ट्रॅकवर सीझनची पहिलीच रेस ह्या दोघांनी जिंकली. ओला ट्रॅक, अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला गवत आणि त्यापलीकडे लगेच बॅरियर, म्हणजे ॲमसाठी सगळ्यात वाईट परिस्थिती. इथे बरेच प्रोसुद्धा जपून जातात.

पण जिंकलं म्हणजे काय झालं, पुढच्या रेसला पिटमध्ये शिक्षा. आणि इथे सीझनचं गणित सुरू होतं जे मला सगळ्यात आवडतं. प्रत्येक रेस जिंकायच्या मागे लागलात तर प्रत्येक वेळी पुढच्या रेसला तुम्ही सेकंद उधार घेताय. चौथं-पाचवं आलात तर पॉइंट कमी पण पुढच्या वेळी पाटी कोरी. म्हणून चांगली टीम वर्षाकडे किराणा दुकानदाराच्या खातेवहीसारखं बघते, कुठे जिंकायचं, कुठे नुसतं टिकायचं, आणि एकाही ठिकाणी शून्य घ्यायचं नाही. बारवेल मोटरस्पोर्टच्या लॅम्बोर्गिनी त्या वर्षी जोरात होत्या, टीएफ स्पोर्टच्या दुसऱ्या ॲस्टन होत्या, आणि टायटल शेवटच्या डोनिंग्टनपर्यंत लटकत राहिलं.

डोनिंग्टनला हेग आणि ॲडमने रेसच जिंकली आणि टायटल घेतलं. ब्रिटिश जीटीचं मुख्य टायटल जिंकणारी ती पहिली बाई. हे वाक्य लोक टाळ्या वाजवून सोडून देतात, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की तिने ते ॲमच्या सीटवरून जिंकलं, म्हणजे जिथे खरोखर वर्ष ठरतं त्या सीटवरून. ॲडम भारी होताच, पण समोरच्या प्रत्येक गाडीत एकेक भारी प्रो बसलाच होता. पुढच्या वर्षी ॲडम दुसऱ्या टीमच्या ॲस्टनमध्ये डेव्हिडसनबरोबर पुन्हा चॅम्पियन झाला.

घाटात ट्रक असतात तसे

एक गोष्ट राहिली, जीटी४ पण ह्याच ट्रॅकवर ह्याच वेळी पळतात. त्यांचा निकाल वेगळा, टायटल वेगळं, पण रस्ता एकच. त्या लॅपला आठ-दहा सेकंद किंवा जास्तच मागे, म्हणजे थोड्या वेळाने पुढच्या जीटी३ त्यांना गाठतातच. जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढताना पुढे ट्रक लागला की कसं होतं, जागा कुठे मिळेल, तो हात दाखवेल का, समोरून कोण येतंय. इथे समोरून कुणी येत नाही एवढंच. ॲमचे सेकंद सगळ्यात जास्त ह्या ट्रॅफिकमध्ये सांडतात, प्रो दोन वळणं आधीच बघून ठेवतो की कुणाला कुठे गाठायचं, ॲम गाठल्यावर विचार करतो.

"पण मग जिंकणाऱ्याला शिक्षा म्हणजे अन्यायच ना?"

भाच्याचा हा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि ह्याला मी गोड उत्तर देणार नाही. थोडा अन्याय आहे. बीओपी ठरवणारी माणसं आहेत, आकडे चुकतात, एखाद्या ट्रॅकवर एखादी गाडी उगाच हलकी सुटते आणि मग पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमचे ट्रक उभे असतात त्या आवारात, दिवसभर कुरकुर. शिवाय काही टीम टेस्टच्या दिवशी मुद्दाम हळू पळतात अशी शंका घ्यायची पद्धत आहे, परीक्षेत पहिल्या चाचणीला कमी मार्क घेऊन "प्रगती" दाखवणाऱ्या पोरांसारखी.

पण दुसऱ्या बाजूने बघा. ज्याला संपूर्ण शुद्ध स्पर्धा हवी त्याच्यासाठी एफ-वन आहे, तिथे वर्षानुवर्षं एकच टीम जिंकते आणि आपण रविवारी दुपारची झोप काढतो. जर्मनीच्या डीटीएम नावाच्या चॅम्पियनशिपमध्येही २०२१ पासून ह्याच जीटी३ गाड्या पळतात, तिथे ॲम नाहीत, आपल्या अर्जुन मैनीने तिथे गाडी चालवलीये. तीच गाडी, वेगळा खेळ. ब्रिटिश जीटीने ठरवलं की आपल्याला जोड्यांचा खेळ हवा. कॅरममध्ये डबल्स खेळताना जोडीदार कच्चा आहे म्हणून कुणी तक्रार करत नाही, त्याला सोपी सोंगटी ठेवून देणं हेच कौशल्य असतं.

"आणि तो ब्राँझ खरंच ब्राँझ असतो का?"

हा जास्त टोचणारा प्रश्न. रंग ठरतात वयावर, लायसन्सच्या तारखेवर आणि आधीच्या निकालांवर, आणि वय वाढलं की रंग खाली येतो. आता ज्याचा ब्राँझ बाकीच्या ब्राँझपेक्षा दोन सेकंदांनी फास्ट, त्याची लॉटरी लागली. म्हणून दर वर्षी "हा कसला ब्राँझ" अशी ओरड होते, एफआयए मधूनमधून रंग बदलते, मग ज्याचा बदलला तो ओरडतो. आपल्या शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या गटात मिशी फुटलेला मुलगा यायचा आणि त्याच्याकडे जन्मदाखला असायचा, त्याची आठवण येते. दोन्हीकडे सिल्व्हर बसवले तर अशा जोडीला पिटमध्ये जास्त वेळ उभं करणं हा त्यावरचा एक उपाय.

तरी ह्या रंगांमुळेच गमतीशीर जोड्या जमतात हेही खरं. २०२० ला पन्नाशी ओलांडलेला रॉब कोलार्ड आणि वीस वर्षांचा सँडी मिचेल बारवेलच्या लॅम्बोर्गिनीत चॅम्पियन झाले. २०२४ ला तोच रॉब, तीच टीम, पुन्हा लॅम्बोर्गिनी, पण शेजारी त्याचा स्वतःचा मुलगा रिकी. बाप-लेक चॅम्पियन. बाप गाडी अर्ध्या रस्त्यात आणून देतो आणि मुलगा पुढे नेतो, आणि हे रूपक म्हणून लिहीत नाहीये, अक्षरशः तसंच होतं.

"श्रीमंतांचे चोचलेच की हे"

आहेतच. त्यात काय लपवायचं. पण ह्या चोचल्यांवर किती जण जगतात ते पण मोजा, मेकॅनिक, ट्रक चालवणारे, डेटा इंजिनिअर, आणि ते तरुण प्रो ज्यांना फॉर्म्युलाच्या शिडीवर, म्हणजे एफ-वनकडे नेणाऱ्या छोट्या सीरिजमध्ये, पैसे संपल्यामुळे खाली उतरावं लागलं. त्यांना इथे पगार मिळतो. जुन्या काळी संस्थानिक पैलवान पोसायचे, तालमी बांधायचे. फरक एवढाच की इथे संस्थानिक स्वतः लंगोट लावून आखाड्यात उतरतो आणि अर्धी कुस्ती त्यालाच खेळावी लागते. हरला तर सगळ्यांसमोर हरतो.

आणि "ब्रिटिश" चॅम्पियनशिप बेल्जियमला कशी जाते असं कुणी विचारलं तर आयपीएल २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाली होती एवढंच सांगा. स्पा सात किलोमीटरचा ट्रॅक आहे, ॲम लोकांना तिथे चालवायचं असतं, पैसे त्यांचे आहेत, विषय संपला.

बघायचं कसं

यूट्यूबवर लाइव्ह, फुकट. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे त्यांची दुपारची रेस आपल्या संध्याकाळच्या चहाला किंवा जेवणाला येते. पहिला अर्धा भाग सोडून देऊ नका, बहुतेक नवे लोक तिथेच चुकतात, "आत्ता ॲम चालवतायत, प्रो आले की बघू" म्हणून उठतात. पुढे कोण आहे ते नंतर बघा, स्क्रीनच्या कडेला जी यादी पळते त्यात पहिल्या सहा गाड्यांमधलं अंतर दर लॅपला किती वाढतंय ते बघा. मग पिटची वेळ आली की कुणाला जास्तीचे सेकंद आहेत ते कॉमेंट्रीवाले सांगतातच, ते अंतरातून वजा करा. बाहेर आल्यावर खरा नंबर कुठला ते तुम्हाला त्यांच्या आधी कळेल. मध्येच सेफ्टी कार (अपघात वगैरे झाला की सगळ्यांना हळू चालवायला पुढे येणारी गाडी) आली तर मात्र वही फाडून टाका, सगळी अंतरं शून्य होतात आणि कुणाचं तरी नशीब फळफळतं.

एवढं सगळं सांगून भाच्याला एक जुनी रेस लावून दिली. तासाभराने मेसेज आला, "मामा, मेकॅनिक अजून हात आडवा धरून उभाच आहे, माझा चहा संपला."

मी लिहिलं, "कंडक्टरला विचार."

मग बराच वेळ काही नाही, आणि रात्री अकराला, "तो पिवळ्या गाडीतला काका तिसऱ्या वळणाला दर वेळी लवकर ब्रेक मारतोय. कुणी सांगत का नाही त्याला?"